मोर्च्यांनी कायदे बदलत नाहीत म्हणे!

वहिवाट

शेतकरी आंदोलनाच्या धाग्यावर 'दूरदर्शी' यांनी परवा ठोकून दिलं : "रस्त्यावर घसा कोरडा करून या देशात एकही कायदा बदललेला नाही. कायदा बदलतात ती बंद दाराआड बसलेली चार माणसं. मोर्चा फक्त कॅमेऱ्यासाठी असतो." खाली सहमत-सहमतची रांग लागली. तिथे उत्तर लिहायला घेतलं तर ते मूळ लेखापेक्षा मोठं व्हायला लागलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मथुरा प्रकरण आठवतंय का कुणाला? १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, एक आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बलात्काराबद्दल दोषी धरलेल्या त्या दोघांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमती होती, असा तर्क. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी - उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, वसुधा धागमवार - सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. ते पत्र हातोहात फिरलं, शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या, नव्या संघटना उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला आणि पुरावा कायद्यात ११४-अ आलं : अशा खटल्यात बाईने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर.

आता मला सांगा, यात बंद दाराआड कोण बसलं होतं? त्या मुलीच्या बाजूने कोणता उद्योग होता, कुणाचा धंदा होता, कुणाची मतपेढी होती?

माहितीच्या अधिकाराचंही तेच. राजस्थानात खडी फोडणाऱ्या मजुरांना ठरलेली मजुरी हातात पडेना, म्हणून मजूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट दाखवा म्हटलं. जनसुनवाईत ती मस्टरं माईकवर मोठ्याने वाचली गेली. नाव पुकारलं की गाव सांगणार : हा तर मेलाय, ही कामावर कधी आलीच नव्हती. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. आपल्याकडे अण्णा हजारेंची उपोषणं झाली, २००३ मध्ये राज्याचा कायदा आला, २००५ मध्ये देशाचा.

पण दूरदर्शींना जे म्हणायचं होतं त्यातला एक तुकडा खरा आहे आणि नेमका तोच त्यांनी मांडला नाही. कायदा सभागृहात मंजूर होतो, नियम मंत्रालयात लिहिले जातात. कायदा झाला की चळवळ पेढे वाटून घरी जाते आणि हितसंबंधीयांचं काम तिथून सुरू होतं. सिगारेट-बिडीच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्ररूप इशारा छापायचा, ही अधिसूचना २०१४ मध्येच निघाली होती. १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. ऐन तोंडावर संसदेच्या एका समितीने थांबा म्हटलं. त्या समितीत बिडी उद्योगातले एक खासदार स्वतः सदस्य होते! पाकिटं बदलायला २०१६ चा एप्रिल उजाडला. मधल्या वर्षभरात कुठेही मोर्चा नव्हता, म्हणून ते जमलं. मी वकिली करते, मसुद्यांवर हरकती लिहून पाठवण्याचं काम अधूनमधून करते. समोरच्या बाजूची हरकत तीस पानी, बांधीव येते. आमची दोन पानी, ती शेवटच्या दिवशी.

---

दूरदर्शी

माझं वाक्य उचलून धागा काढलात, आनंद आहे. पण तुम्ही जिंकलेल्याच लढाया मोजता आहात. हरलेल्यांची यादी कुठे आहे?

२०१२ चा डिसेंबर घ्या, निर्भया प्रकरण. एवढी गर्दी दिल्लीत क्वचित उसळली असेल. बलात्काराचे कायदे सुधारायला नेमलेल्या वर्मा समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला, ऐंशी हजारांच्या आसपास सूचना आल्या होत्या. समितीने स्पष्ट सांगितलं की लग्नातल्या बलात्काराला दिलेली सूट काढा. निघाली का? अध्यादेश आला, कायदा आला, ती सूट तशीच राहिली. गर्दीला जे हवं होतं त्यातलं जे सरकारला झेपत होतं तेवढंच दिलं गेलं.

आणि बंद दाराचं उदाहरण हवं असेल तर २०१७ चा वित्त कायदा वाचा. कंपनीने राजकीय पक्षाला किती द्यायचे यावर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती अर्थसंकल्पाबरोबर गुपचूप गेली. कुणी मोर्चा काढला होता त्यासाठी?

जादूटोणाविरोधी कायदा तर तुमच्या डोळ्यांसमोर झाला. वर्षानुवर्षं निवेदनं, धरणी, पत्रकं. काही हललं नाही. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला. तो कायदा चळवळीने आणलेला नाही, खुनाने आणला. कटू आहे, पण असंच आहे.

---

जुनी सायकल

दूरदर्शी, हे वाक्य लिहिताना हात कसा कापला नाही तुमचा?

चार दिवसांत अध्यादेश निघाला, कारण मसुदा तयार होता. तो दहा वर्षं फिरत होता. त्यातला एकेक शब्द भांडून ठरला होता. वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार, असा प्रचार गावोगाव झाला तेव्हा आम्ही कीर्तनकारांच्या पाया पडून त्यांच्यापुढे कलमं वाचून दाखवली आहेत. कितीतरी कलमं गाळावी लागली. आमच्यातलेच लोक म्हणायचे की आता यात उरलं काय. एस.टी. स्टँडवर टेबल टाकून सह्या गोळा करताना एकाने माझ्या अंगावर चहा फेकला होता. मी शर्ट धुतला आणि परत टेबलावर बसलो. माझ्यासारखे शेकडो होते.

खून झाल्यावर सरकारला लाज वाटली, हे खरं. पण लाज वाटलेल्या सरकारच्या हातात द्यायला कागद लागतो. तो आमच्याकडे होता. तो नसता तर श्रद्धांजलीचा ठराव झाला असता आणि सभागृह तहकूब.

---

दूरदर्शी

तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, तो वेगळा विषय. मी कार्यकारणभावाबद्दल बोलतोय. कागद दहा वर्षं तयार होता म्हणता, म्हणजे कागद पुरेसा नव्हता हे तुम्हीच सांगितलंत.

---

नाडीपरीक्षा

मूळ लेखात 'हितसंबंधीय' शब्द ज्या सुरात आलाय त्यावर बोलायचंय. मी डॉक्टर आहे, म्हणजे तुमच्या हिशेबात लॉबीच.

गर्भलिंगनिदानविरोधी कायदा १९९४ चा. त्याचा हेतू कोणत्याही शहाण्या माणसाला मान्य आहे. पण तो चालवताना काय होतं ते बघा. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला भरायच्या 'एफ' फॉर्ममधला एक रकाना कोरा राहिला, पत्ता अर्धवट लिहिला, की मशीनला सील. माझ्या ओळखीच्या एका सोनोग्राफीवाल्या बाईंचं मशीन असंच सील झालं. लिंगनिदानाचा आरोपच नव्हता, चूक कागदावरची होती. त्या काळात आजूबाजूच्या गरोदर बाया तालुक्याला हेलपाटे घालत होत्या. २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्ट संपावर गेले ते याच जाचासाठी. आम्ही संप केला की ती लॉबी, तुम्ही केला की ती चळवळ. हा न्याय कुठला?

---

वहिवाट

डॉक्टरसाहेब, 'एफ' फॉर्म इतका कडक का झाला तेही सांगा की. १९९४ चा कायदा १९९६ मध्ये लागू झाला आणि कपाटात पडून राहिला. मुली कमी होत राहिल्या, खटले जवळजवळ नव्हतेच. २००० मध्ये सेहत आणि मासूम या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा राज्यांना जाग आली. गर्भातल्या मुलीची साक्ष कोण देणार? आई देणार नाही, सासू देणार नाही, डॉक्टर तर नाहीच. पुरावा म्हणून फक्त कागद उरतो. म्हणून तो रकाना.

---

पाणवठा

नाडीपरीक्षा, तुमच्या लॉबीबद्दल मी बोलते. दवाखान्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा आहे. महाराष्ट्राने तो घेतलेलाच नाही. आपल्याकडे अजून १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चाललंय. का घेतला नाही हे जन आरोग्य अभियानवाल्यांना विचारा, प्रत्येक वेळी कुणी पाय ओढले ते ते सांगतील.

माझे वडील शेवटचे काही दिवस एका खासगी रुग्णालयात होते. त्याचं नाव घेणार नाही. बिल हातात आलं तेव्हा त्यात 'कन्झ्युमेबल्स' अशी एकच ओळ, पुढे मोठा आकडा. मी तपशील मागितला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, असा प्रिंट निघत नाही. बाबा तिकडे आत होते, आई बाकावर बसलेली. मी भांडले नाही, पैसे भरले. तेव्हा मला माहीत असतं की तपशीलवार बिल हा हक्क आहे, तर भांडले असते. २०२१ मध्ये राज्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली, ती दर्शनी भागात लावायची असते. आता मी जाईन त्या दवाखान्यात भिंती बघते. बऱ्याच ठिकाणी गणपती असतो, सनद नसते.

---

नाडीपरीक्षा

बिलाचा तपशील मिळायलाच हवा, यात मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण दहा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्याला आणि कॉर्पोरेट साखळीला एकच निकष लावणारा कायदा आला तर बुडेल तो दहा खाटांवाला. आमचा विरोध तिथे होता. तो नोंदवायला आम्ही मंत्रालयात गेलो तर त्याला कारस्थान म्हणू नका.

---

घाटावरचा

सगळे शहरातले कायदे चाललेत. खेड्यातल्या माणसाने कायदा बदलून घेतला त्याचं नाव कुणी काढत नाही. बैलगाडा शर्यत.

ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी आहे त्या यादीत २०११ ला केंद्राने बैलाला घातलं, प्रदर्शन नाही, खेळ नाही. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर आमचीही शर्यत बंद केली. आमच्याकडचा कोणी माणूस त्या कोर्टात उभा तरी राहिला होता का? खिलार खोंडाला गिऱ्हाईक उरलं नाही. शेतात ट्रॅक्टर आला, शर्यत पळते तो घाट बंद झाला, मग खोंड पाळायचा कशासाठी? बाजारात नेला की घेणारा कोण असायचा ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही रास्ता रोको केले, गुन्हे अंगावर घेतले. जानेवारी २०१७ ला चेन्नईत मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी पोरं बसली आणि तमिळनाडूने काही दिवसांत कायदा केला. ते बघून आपल्या विधिमंडळाने एप्रिलमध्ये केला. उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये अडवला. परत थांबलो. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा कायम केला. दूरदर्शी म्हणतात रस्त्यावर काही बदलत नाही. आमचा घाट चालू आहे, येऊन बघा.

---

मनीमाऊ

वा. आणि बैलाला विचारलं होतंत?

ज्याला मत नाही त्याच्या बाजूने कायदा असायला हवा, म्हणून तर २०१४ चा निकाल महत्त्वाचा होता. तुम्ही चळवळ म्हणताय, पण प्रत्येक यात्रेत बक्षीस द्यायला आमदार, फ्लेक्सवर खासदार. सत्ताधारी आणि विरोधक दोन्हीकडचे सगळे पक्ष तुमच्या बाजूने होते. असं भाग्य कोणत्या चळवळीला मिळतं? मी बंदीच्या आधी शर्यत पाहिली आहे. शेपटीला चावा घेणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. बॅटरीचा शॉक पाहिलाय. त्या बैलाच्या तोंडाचा फेस अजून विसरले नाही.

---

घाटावरचा

ताई, तसं करणारे होते. मी नाही म्हणत नाही. त्यांना आम्हीच घाटातून हाकललंय. पण ज्याच्या दावणीला बैल नाही त्याने आम्हाला बैलाची माया शिकवू नये. आमच्या घरी बैल मेला तर चूल पेटत नाही. माझ्या आजीने स्वतःच्या पोराआधी खोंडाला पाजलंय. तुम्ही निकाल वाचला, आम्ही गोठा झाडलाय.

---

मनीमाऊ

माया आहे म्हणून त्याला पुढे पळणाऱ्या घोडीमागे जीव तोडून पळवायचं?

---

घाटावरचा

पळतो तो. शिकवलेला बैल गाड्याला जुंपायच्या आधीच अंग चोरत नाही, उसळतो. बारी, म्हणजे त्याची धाव, संपल्यावर बघा त्याला. तुम्ही बघितलंत ते एकदाच आणि तेही तोंड फिरवून.

---

नॅशनल परमिट

बैल पुरे झाले की. दूरदर्शींचा मूळ मुद्दा कुणी धरतच नाही. जानेवारी २०२४ आठवा. नवीन न्याय संहितेत कलम १०६(२) होतं : अपघात करून न कळवता पळालास तर दहा वर्षांपर्यंत कैद. ड्रायव्हर लोकांनी स्टिअरिंग सोडलं. दोन दिवसांत पंपांवर रांगा. सरकार म्हणालं, वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय लागू करणार नाही. १ जुलैला संहिता लागू झाली, ते एक कलम सोडून. निवेदन नाही, मसुदा नाही, प्राध्यापकांचं पत्र नाही. डिझेल थांबलं की ऐकू येतं. माझा भाऊ ट्रक चालवतो. अपघातानंतर थांबला तर जमाव काय करतो हे त्याने एकदा अनुभवलंय, हात अजून नीट वळत नाही. त्या कलमात याला जागा नव्हती.

---

दूरदर्शी

आभार. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय. जो काहीतरी बंद पाडू शकतो, त्याचं ऐकतात. ड्रायव्हर, डॉक्टर, व्यापारी. ज्याच्या हातात बंद पाडण्यासारखं काही नाही त्याने कितीही घोषणा द्याव्यात.

---

जुनी सायकल

मग हमालाच्या हातात काय होतं? पाठीवरचं पोतं. १९६९ चा माथाडी कायदा बघा. ज्यांचा मालक कोण हेच ठरत नव्हतं, आज या गाळ्यावर, उद्या त्या, अशा माणसांना बोर्ड मिळालं, भविष्य निर्वाह निधी मिळाला. आधी ते फक्त अंगमेहनतीचे गडी होते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र आणलं तेव्हा बंद पाडायची ताकद तयार झाली. ताकद आधीपासून कुणाच्या खिशात नसते हो! संघटना म्हणजे तेच काम.

---

दूरदर्शी

हे मान्य. पण मग 'उघड्या पत्राने कायदा बदलला' हे मागे घ्या.

---

वहिवाट

नाही घेणार. पत्रामागे बायका उभ्या राहिल्या आणि बायकांच्या हातात पत्र होतं, दोन्ही एकत्र होती म्हणून १९८३ झालं. तुम्ही दर वेळी एकच कारण शोधता. परमिटभाऊंच्या संपाने कलम थांबलं, बरोबर. पण बदललं का? ते पुस्तकात तसंच आहे, फक्त लागू नाही. पळणाऱ्या ड्रायव्हरला काय आणि जमावाच्या भीतीने पुढच्या ठाण्यात जाणाऱ्याला काय, हा फरक कलमात घालणारा मसुदा आता कुणीतरी लिहायला हवा. तुमच्या भावाच्या संघटनेने लिहिलाय का? नसेल तर एक दिवस अधिसूचना निघेल आणि तेव्हा परत पंपांवर रांगा लावाव्या लागतील.

माहिती अधिकाराचं हेच झालं. २०१९ मध्ये आयुक्तांचा कार्यकाळ आणि पगार ठरवणं केंद्राने आपल्या हातात घेतलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मागच्या पानावर एक कलम टाकून माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहितीतही जनहित मोठं असेल तर ती देता येत होती, ती अट तिथून काढली. ज्या मस्टरवरून सगळं सुरू झालं, त्या मस्टरवरची नावं उद्या वैयक्तिक माहिती म्हणून नाकारता येतील. कलम ८(२) शिल्लक आहे म्हणतात. आहे, पण तिथे जनहिताचं वजन तोलणार तोच अधिकारी, ज्याला माहिती द्यायची नाही. चाळीस दिवस धरणं धरून मिळवलेली गोष्ट एका उपकलमात गेली. यावर इथल्या किती जणांनी हरकत पाठवली होती?

---

पाणवठा

हरकत कुठे पाठवायची हेच कळत नाही. राजपत्र कोण वाचतं?

---

वहिवाट

२०१४ पासून केंद्राचं धोरण आहे की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा. धोरणच आहे, बंधन नाही, त्यामुळे पाळलं तर पाळलं. शेती कायदे जून २०२० मध्ये अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरमध्ये राज्यसभेत आवाजी मतदानाने गेले. मसुद्यावर बोलायची संधी मिळाली नाही म्हणून माणसं वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे गेले. त्या कायद्यांच्या बाजूचे शेतकरीही आपल्याकडे होते, शेतकरी संघटनेतले. त्यांचं म्हणणंही कुणी आधी ऐकलं नव्हतं.

---

दूरदर्शी

नियमांचं तुमचं म्हणणं पटलं, लिहून ठेवा. मोर्च्याचं पटलेलं नाही. शेती कायदे निवडणुका तोंडावर होत्या म्हणून गेले.

---

जुनी सायकल

निवडणूक दर पाच वर्षांनी असतेच. दर वेळी कायदे मागे जातात का?

---

घाटावरचा

मनीमाऊताई, तुम्ही वर तोंडाचा फेस लिहिलात, मी झोपलो नाही नीट. आमच्या शर्यतीच्या नियमात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे, डॉक्टरची तपासणी आहे, काठी-चाबूक-शॉकला बंदी आहे, मोडलं तर कैद आहे. हे नियम ठरले तेव्हा आम्ही आमदारांच्या मागे होतो, तुमच्यासारखे लोक कोर्टात होते, आणि तपासणारा डॉक्टर कुठून येणार हे कुणीच विचारलं नाही. आमच्या यात्रेत गेल्या वेळी शंभरावर गाडे आणि डॉक्टर एक. तो सह्या करत बसला होता. हे आम्ही बोललो तर परवानगी जाते. तुम्ही बोललात तर?

---

मनीमाऊ

शर्यत बंदच व्हायला हवी हे माझं मत तसंच आहे. पण डॉक्टर किती बैलांमागे एक, हे नियमात लिहून द्या असा अर्ज मी करते. तुमच्या तालुक्याचं नाव न घेता.

---

नाडीपरीक्षा

त्यातही पशुवैद्यकांच्या रिक्त जागा विचारा. नाहीतर उद्या त्या एकट्या डॉक्टरवरच गुन्हा दाखल होईल आणि तुम्ही म्हणाल, लॉबी.